संशोधनालाही गिऱ्हाईक लागते

२०१५ साली इंटेलने संशोधन आणि विकासावर सुमारे १२ अब्ज डॉलर खर्च केले. तैवानच्या टीएसएमसीचा त्या वर्षीचा खर्च होता २ अब्जांच्या आसपास. पाच वर्षांनी, जुलै २०२० मध्ये, इंटेलचे तेव्हाचे प्रमुख बॉब स्वान यांना गुंतवणूकदारांपुढे कबूल करावे लागले की ७ नॅनोमीटरच्या चिप आणखी लांबणीवर पडल्या आहेत आणि वेळ आलीच तर आपण बाहेरच्या कारखान्यातून चिप करून घेऊ. दुसऱ्या दिवशी कंपनीचा समभाग १६ टक्क्यांनी आपटला. त्याच सुमारास टीएसएमसी ॲपलसाठी ५ नॅनोमीटरच्या चिप काढत होती. हे आकडे एकास एक ताडून पाहण्याजोगे नाहीत हे खरे. इंटेलच्या रकमेत चिपचा आराखडा करण्याचाही खर्च येतो, टीएसएमसी आपल्या नावाने विकायच्या चिपचे आराखडे करतच नाही. शिवाय नॅनोमीटरचे हे आकडे आता बव्हंशी जाहिरातीपुरते उरले आहेत. तरीही सहापट खर्च करणारा मागे पडावा, याचा काहीतरी अर्थ लावायला हवा. तंत्रज्ञान कंपन्यांनी गाभ्याच्या संशोधनावर किती लावावे आणि उत्पादनांचा पसारा वाढवण्यावर किती, हा वाद एरवी टक्केवारीत अडकून पडतो. इंटेलच्या बाबतीत टक्केवारीने काहीच उलगडत नाही.

याचे प्रचलित स्पष्टीकरण सोपे आहे आणि त्याला पुरावाही भरपूर आहे. २०१० मध्ये इंटेलने मॅकाफी ही अँटीव्हायरस विकणारी कंपनी ७.६८ अब्ज डॉलरला घेतली. सहा वर्षांनी तिचा ५१ टक्के हिस्सा विकला तेव्हा सगळ्या कंपनीची किंमत धरली गेली ४.२ अब्ज. २०१५ मध्ये चिप आखणाऱ्या अल्टेरासाठी १६.७ अब्ज मोजले. २०१७ मध्ये स्वयंचलित मोटारींसाठी कॅमेरा-यंत्रणा करणाऱ्या इस्रायलच्या मोबिलायसाठी १५.३ अब्ज. मधल्या काळात इंटरनेटवरून टीव्ही दाखवण्याची सेवा तयार करून ती सुरू होण्याआधीच व्हेरायझनला विकून झाली, मनगटी घड्याळे बाजारात आणून तापतात म्हणून परत मागवून झाली, स्मार्ट चष्मा करून तो बासनात गेला. २०१८ च्या प्योंगचांग हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनात बाराशेहून अधिक ड्रोनचा जो झगमगाट जगाने टीव्हीवर पाहिला, तोही इंटेलचाच. कारखान्यात १० नॅनोमीटरची चिप धडपणे निघत नव्हती आणि कंपनीचे नाव आकाशात चमकत होते. पुढे तो ड्रोनचा धंदाही विकला. ही यादी वाचली की निष्कर्ष हाताशीच असतो: मूळ धंदा सोडून नको त्या गोष्टींच्या मागे लागले आणि फसले. मला तो अर्धाच पटतो. पसारा वाढवणे हा इंटेलचा दोष नव्हता. वाढवलेल्या पसाऱ्यातून कारखान्यातल्या संशोधनाला नवी मागणी, नवी कसोटी मिळाली नाही, आणि जी उत्पादने ती देऊ शकली असती त्यांना नेमके नाही म्हटले गेले. दोष तिथे आहे.

हे समजायला १९८५ कडे जावे लागते. इंटेलची ओळख तेव्हा मेमरी चिप करणारी कंपनी अशी होती. १९७० मध्ये बाजारात आणलेल्या ११०३ या चिपने तिला नाव आणि पैसा दोन्ही दिले होते. जपानी कंपन्यांनी चांगला आणि स्वस्त माल आणला आणि १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत इंटेलच्या विक्रीत मेमरीचा वाटा अगदी किरकोळ उरला. तरी संशोधनाच्या खर्चाचा मोठा भाग मेमरीवरच जात होता. कंपनी चालवणाऱ्या अँडी ग्रोव्ह आणि गॉर्डन मूर यांनी तो धंदा बंद करायचा ठरवला तेव्हा कंपनीतून झालेल्या विरोधातला सर्वांत वजनदार मुद्दा विक्रीचा नव्हताच. नवी निर्मितीप्रक्रिया आपण मेमरीवर तपासून घेतो, मेमरी गेली तर तंत्र कशावर घासून पाहायचे, असा तो मुद्दा होता. अभियंत्यांची ही भीती भावनिक म्हणून झटकून टाकण्यासारखी नव्हती. मेमरी चिप एकसारखी, प्रचंड संख्येने निघणारी. प्रक्रियेतली चूक तिच्यात लगेच उघडी पडते. ग्रोव्ह आणि मूर यांचा निर्णय यशस्वी ठरला, कारण मेमरीची जागा घ्यायला मायक्रोप्रोसेसर तयार होता. वैयक्तिक संगणकाची विक्री फुगत गेली, संगणक कंपन्या दर वर्षी आणखी वेगवान चिप मागत राहिल्या, आणि त्या मागणीने इंटेलच्या कारखान्याला पुढची वीस-पंचवीस वर्षे जगात पहिल्या क्रमांकावर ठेवले. संशोधनाला धावते ठेवणारे एक उत्पादन गेले, दुसरे आले. या कथेतून ग्रोव्ह यांचे धैर्य तेवढे सगळ्यांनी उचलले. त्यांना विरोध करणाऱ्यांचा मुद्दा मात्र लोक विसरले, आणि वीस वर्षांनी कंपनीला तोच मुद्दा नडला.

२००६ च्या आसपास ॲपलने आयफोनसाठी चिप करण्याबद्दल इंटेलकडे विचारणा केली. प्रमुख पदावर होते पॉल ओटेलिनी. २०१३ मध्ये निवृत्त होताना दिलेल्या मुलाखतीत त्यांनी मोकळेपणाने सांगितले की ॲपल देऊ करत असलेला भाव आमच्या अंदाजित खर्चापेक्षा कमी होता. तो खर्चाचा अंदाजच चुकीचा निघाला, आणि विक्री कोणी कल्पिली होती त्याच्या शंभरपट झाली. त्याच २००६ मध्ये इंटेलने मोबाइल उपकरणांसाठी चालणाऱ्या आपल्या एक्सस्केल चिपचा धंदा मार्व्हेलला ६० कोटी डॉलरला विकला. हिशेबनिसाच्या नजरेने दोन्ही निर्णय शहाणपणाचे होते. संगणकाच्या आणि सर्व्हरच्या चिपवर घसघशीत नफा मिळत असताना कमी भावाची चिप करून एकूण नफ्याचे प्रमाण कशाला खाली आणायचे? पुढे मोबाइलचे महत्त्व पटले तेव्हा इंटेलने टॅब्लेट करणाऱ्यांना पदरचे पैसे देऊन आपली चिप वापरायला लावली. एकट्या २०१४ मध्ये कंपनीच्या मोबाइल विभागाचा तोटा ४.२ अब्ज डॉलर होता. पैसे देऊन मिळवलेल्या गिऱ्हाइकाकडून मात्र संशोधनाला काही शिकायला मिळत नाही, कारण त्याला माल आवडो न आवडो, तो तक्रार करत नाही. २०१६ मध्ये इंटेलने फोनच्या मुख्य चिपचा नाद सोडला.

कमी भावाच्या पण अफाट संख्येच्या चिपचे एवढे अप्रूप का, हे कारखान्याच्या आत डोकावल्याशिवाय कळत नाही. आजच्या सर्वांत सूक्ष्म चिप ज्या प्रकाशाने छापल्या जातात तो १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश. त्याच्या आधीच्या यंत्रांतला प्रकाश १९३ नॅनोमीटरचा होता. नवा प्रकाश निर्माण करण्यासाठी निर्वात पेटीत वितळलेल्या कथलाचे अतिसूक्ष्म थेंब सेकंदाला सुमारे ५० हजार या वेगाने सोडतात आणि प्रत्येक थेंबावर लेसरचा मारा करतात. थेंबाचा प्लाझ्मा होतो आणि त्यातून हवा तो प्रकाश बाहेर पडतो. हा प्रकाश हवेतही शोषला जातो आणि काचेतही, म्हणून भिंगे चालत नाहीत, आरसे लावावे लागतात. आणि प्रत्येक आरसा त्यातला तिसऱ्या हिश्श्याइतका प्रकाश गिळतो. दहा-अकरा आरशांवरून परावर्तित होत वेफरपर्यंत, म्हणजे ज्या चकतीवर चिप छापतात तिथपर्यंत, पोचतो तो मूळ प्रकाशाचा एखाद-दुसरा टक्का. हे यंत्र नेदरलँड्सच्या एएसएमएलकडून पैसे मोजून मिळते. कोणता थर किती वेळ उजळायचा, कुठे कण बसतो, कोणत्या पायरीवर चिप बाद होते, हे ज्ञान मात्र यंत्राबरोबर मिळत नाही. ते लाखो वेफर यंत्राखालून गेल्यावर हळूहळू साचते. म्हणून या धंद्यात संशोधनाची प्रयोगशाळा आणि चालू कारखाना यांच्यात भिंत घालता येत नाही. जो जास्त छापतो तो लवकर शिकतो, जो लवकर शिकतो त्याच्याकडे पुढचे काम येते. साखर कारखान्याचे जसे असते, की ऊस आला नाही तर गाळप बंद, पण कर्ज, पगार आणि देखभाल चालूच, तसेच फॅबचे, म्हणजे चिपच्या कारखान्याचे, आहे. आणि त्याच कारखान्याने मळीपासून इथेनॉल काढले, बगॅसवर वीज केली तर तो पसारा उसाच्याच आधाराने वाढतो. दूध डेअरी विकत घेतली तर ताळेबंद वाढेल, गाळप वाढणार नाही. मॅकाफी ही इंटेलची दूध डेअरी होती.

टीएसएमसीकडे पाहिले की उलटी रचना दिसते. मॉरिस चँग यांनी १९८७ मध्ये ही कंपनी काढली ती एकाच अटीवर: आपल्या नावाची चिप विकायची नाही, दुसऱ्यांनी आखलेली तेवढी करून द्यायची. बाहेरून पाहता हा अतिशय अरुंद धंदा. पण त्या अरुंद दारातून फोन, ग्राफिक्स, मोडेम, मोटारी, गेम खेळण्याची यंत्रे असे सगळ्या जगाचे काम आत येते, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाची मागणी वेगळी, घाई वेगळी. उत्पादनांचा पसारा गिऱ्हाइकांनी सांभाळायचा, संशोधन कंपनीने. आणि दोघांना जोडणारे सूत्र म्हणजे दिलेली तारीख. फोन सप्टेंबरात बाजारात यायचा असेल तर चिप उन्हाळ्यात तयार हवी, तिथे सबब चालत नाही. २०१४ च्या सुमारास १० नॅनोमीटरसाठी टीएसएमसीने चारशेच्या आसपास संशोधक तीन पाळ्यांत कामाला लावले, म्हणजे रात्रभरही संशोधन चालू. माणसांना असे राबवणे कितपत योग्य, हा प्रश्न गंभीर आहे आणि त्याचे उत्तर मला कौतुकाने द्यावेसे वाटत नाही. पण प्रयोगशाळेला रात्रपाळी लावण्याची गरज का वाटली, हे लक्षात घ्यावे: दारात गिऱ्हाईक उभे होते. आणि टीएसएमसीला पसाऱ्याचा मोह झाला नाही असेही नाही. सौरऊर्जा आणि एलईडी दिव्यांत तिनेही हात घालून पाहिला. तिथे आपल्या कारागिरीला वरचढपणा मिळत नाही हे दिसल्यावर २०१५ मध्ये दोन्ही धंद्यांतून ती बाहेर पडली. अल्टेराचा सौदा त्याच वर्षातला.

यावर पहिला आक्षेप अभियंत्यांचा असेल, आणि तो रास्त आहे. इंटेलची १० नॅनोमीटरची प्रक्रिया फसली ती तांत्रिक निर्णय चुकल्यामुळे, मॅकाफी घेतल्यामुळे नव्हे. ते खरेच आहे. पिढीगणिक त्याच जागेत दुप्पट घटक बसवण्याची रीत असताना इंटेलने २.७ पटीचे लक्ष्य ठेवले, तेही जुन्याच १९३ नॅनोमीटरच्या प्रकाशाने एकेक थर चार-चार टप्प्यांत छापून. २०१६ च्या सुमारास अपेक्षित असलेल्या चिप मोठ्या संख्येने यायला २०१९ उजाडले. गंमत अशी की नव्या अतिनील प्रकाशावर सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त पैसा लावणाऱ्यांत इंटेलच होती. १९९७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रयोगशाळांबरोबर उभ्या राहिलेल्या संशोधन-संघात ती पुढे होती, आणि २०१२ मध्ये एएसएमएलचे समभाग घेऊन तिच्या संशोधनाला मदत करण्याची योजना झाली तेव्हा इंटेलने १५ टक्के हिस्सा घेतला, टीएसएमसीने ५ आणि सॅमसंगने ३. पण टीएसएमसीने २०१९ मध्ये या प्रकाशाने चिप विकायला सुरुवात केली आणि इंटेलच्या तशा चिप बाजारात आल्या २०२३ च्या शेवटी. म्हणजे गाभ्याच्या संशोधनात इंटेल कमी पडली नव्हती. ते वापरात आणण्याची निकड कमी पडली. कारखान्याचे गिऱ्हाईक जवळपास एकच होते, कंपनीचाच चिप-आराखडा विभाग, आणि घरचे गिऱ्हाईक वाट पाहते. तीन-चार वर्षे जुन्या १४ नॅनोमीटरच्याच चिप थोड्याफार सुधारून विकल्या गेल्या आणि स्पर्धक सावरेपर्यंत त्या खपल्याही. बाहेरचे गिऱ्हाईक असते तर पहिल्याच वर्षी उठून गेले असते, आणि ते दुखणे वेळेत कळले असते.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. गाभाच कालबाह्य झाला तर? त्याच्याशी एकनिष्ठ राहून कोडॅक बुडाली आणि सौंदर्यप्रसाधनांपर्यंत पसारा वाढवणारी फुजीफिल्म तरली, हे उदाहरण इथे हमखास दिले जाते. पण ते नीट पाहिले तर माझ्याच बाजूने बोलते. कोडॅकनेही पसारा वाढवला होता. १९८८ मध्ये तिने स्टर्लिंग ड्रग ही औषध कंपनी ५.१ अब्ज डॉलरला घेतली आणि १९९४ मध्ये विकूनही टाकली. त्याच वर्षी आपला रसायनांचा धंदा, म्हणजे फिल्मच्या विद्येचे मूळ, ईस्टमन केमिकल म्हणून वेगळा काढला. फुजीच्या शिगेताका कोमोरी यांनी २००० नंतर आधी घरातल्या तंत्रांची झडती घेतली. फिल्मचे जिलेटिन कोलॅजनपासून बनते, आणि कोलॅजन त्वचेतही असते; फोटो फिका पडू नये म्हणून शोधलेली रसायने त्वचेवरही चालतात; फिल्मचा पारदर्शक आधारपट एलसीडी पडद्याच्या आत लागतो. त्या आधारपटासाठी कंपनीने नवे कारखाने उभारले आणि फिल्म मरत असताना त्याच रसायनज्ञांना काम मिळाले. नंतर फुजीनेही २००८ मध्ये तोयामा केमिकल ही औषध कंपनी विकत घेतली, त्यामुळे विकत घेणे वाईट आणि घरी करणे चांगले असा ढोबळ नियम मला काढायचा नाही. फरक क्रमाचा आहे. फुजीला आपल्याला काय येते हे आधी कळले होते, दुकान त्यानंतर थाटले. कोडॅकने दुकान घेतले आणि विद्या विकली.

तिसरा आक्षेप भागधारकांचा. दर तीन महिन्यांनी निकाल द्यावा लागतो, दहा वर्षांनी फळणाऱ्या संशोधनासाठी थांबायला कोणी तयार नसते. याला मी फारसे महत्त्व देत नाही. इंटेलने १९९० पासून स्वतःचेच समभाग परत विकत घेण्यावर दीडशे अब्ज डॉलरहून अधिक रक्कम घातली आहे. एवढा पैसा जी कंपनी परत वाटू शकते तिला संशोधनासाठी पैसे कमी पडले असे म्हणता येत नाही. आणि टीएसएमसीचे समभागही न्यूयॉर्कच्या बाजारात विकले जातात.

अल्टेराच्या खरेदीकडे इंटेलचे समर्थक बोट दाखवतील, आणि इंटेलच्या खरेद्यांच्या यादीत विचार करण्याजोगी तीच एक आहे. ग्राहकाला हवी तशी जोडणी नंतर बदलता येणाऱ्या चिप अल्टेरा आखत असे आणि त्या पूर्वी टीएसएमसीकडून करून घेत असे. २०१३ मध्ये तिने १४ नॅनोमीटरसाठी इंटेलचा कारखाना निवडला. इंटेलच्या कारखान्याला इतके दिवस जे हवे होते ते मिळाले: बाहेरचे, मोठे, चोखंदळ गिऱ्हाईक. दोन वर्षांनी इंटेलने ती कंपनीच विकत घेतली. कारखान्यातले काम तेवढेच राहिले, पण उठून जाऊ शकणारे गिऱ्हाईक गेले आणि आणखी एक घरचा विभाग वाढला. २०२५ मध्ये अल्टेराचा ५१ टक्के हिस्सा विकताना सगळ्या कंपनीची किंमत ठरली ८.७५ अब्ज, खरेदीच्या जवळपास निम्मी.

२०२१ मध्ये प्रमुख म्हणून आलेल्या पॅट गेल्सिंगर यांना हे दुखणे उमगले होते. कारखाना सगळ्या जगासाठी खुला करायचा आणि चार वर्षांत निर्मितीप्रक्रियेच्या पाच पिढ्या गाठायच्या, असे त्यांनी जाहीर केले. दिशा बरोबर होती, पण फाउंड्रीच्या, म्हणजे दुसऱ्यांच्या चिप करून देण्याच्या, धंद्यात भरवसा मिळवायला वर्षे जातात आणि तोवर खर्च थांबत नाही. २०२४ मध्ये कंपनीला जवळपास १९ अब्ज डॉलरचा तोटा झाला आणि डिसेंबरात गेल्सिंगर यांना जावे लागले. त्यांच्या जागी आलेल्या लिप-बू टॅन यांच्या काळात पैसा आला. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने ९.९ टक्के हिस्सा घेतला, सप्टेंबरात एनव्हीडियाने ५ अब्ज डॉलर गुंतवण्याचे जाहीर केले. एनव्हीडियाने त्या घोषणेत स्वतःच्या चिप इंटेलच्या कारखान्यात करून घेण्याचे वचन मात्र दिले नाही. त्याआधी, जुलैमध्ये, इंटेलने अमेरिकी नियामकाकडे सादर केलेल्या कागदपत्रांत १४ए या पुढच्या निर्मितीप्रक्रियेबद्दल एक इशारा छापला होता: बाहेरचे मोठे गिऱ्हाईक मिळाले नाही, तर हे काम थांबवावे किंवा सोडून द्यावे लागू शकते.